पर्यायांच्या गर्दीत मनाला स्थैर्य कुठून यावे?

प्रति,
माननीय संपादक

महोदय,

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागल्यापासून आपल्या दैनिकात प्रवेशप्रक्रियेसंबंधी रोज जे मार्गदर्शन येत आहे, ते उपयुक्त आहे. माझ्या परिचयातील अनेक कुटुंबे त्याची कात्रणे जपून ठेवतात. मागच्या वर्षीचे कटऑफ, फेऱ्यांचे वेळापत्रक, शुल्कसवलतीसाठी लागणारे दाखले, हे सारे नेमके आणि वेळेवर मिळते. मला लिहायचे आहे ते या माहितीनंतरही उरणाऱ्या प्रश्नाविषयी. सगळे तक्ते समोर असूनही मुलांचे आणि पालकांचे चित्त थाऱ्यावर का नसते, आणि ख्रिस्ती श्रद्धेने या अस्वस्थतेचा कधी विचार केला आहे काय? मी वसईतील कॅथलिक आहे आणि नोकरीची सारी वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यात घालवली आहेत. हा विचार आमच्या परंपरेत फार बारकाईने झालेला आहे आणि तो धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीच्या, सीमेत अडकून राहू नये, असे मला मनापासून वाटते.

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थ्याला 300 पर्यंत पर्याय भरता येतात. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप निश्चित होते, त्यामुळे यादीत कोणते महाविद्यालय कोणाच्या वर लिहायचे हा घराघरांत खलबतांचा विषय होतो. अर्ज भरताना मदत हवी म्हणून काही मुले अजूनही माझ्याकडे येतात. त्यांतल्या एका मुलीच्या वडिलांनी फुलस्केप वहीत पट्टीने रकाने आखून आणले होते: महाविद्यालयाचा संकेतांक, शाखा, तीन वर्षांचे कटऑफ, घरापासूनचे अंतर, विरार लोकलने जाता येईल की वसतिगृह लागेल, वार्षिक शुल्क, नोकऱ्यांची आकडेवारी. शेवटच्या रकान्यात नातेवाइकांची मते होती आणि तो रकाना सर्वांत भरगच्च होता. वडील एकेक ओळ वाचून दाखवत होते. मुलगी टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बसली होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, “सर, कुठलंही घेतलं तरी दुसरं चुकलं असंच वाटणार आहे.” तिला गुण उत्तम होते, माहितीही पूर्ण होती. तिला हवी असलेली गोष्ट त्या वहीत नव्हती.

अशा वेळी मला संत इग्नेशियस लोयोला आठवतात, आणि त्यांचा सण 31 जुलैला, बहुधा याच धामधुमीत येतो. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे, हे संस्थापक तरुणपणी मानमरातबाच्या मागे लागलेले स्पेनमधील बास्क सरदारपुत्र होते. 1521 च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या घरी अनेक महिने अंथरुणावर पडून राहावे लागले. त्यांना शौर्यकथा वाचायच्या होत्या. घरात मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. पडल्यापडल्या ते दोन प्रकारची स्वप्ने रंगवीत. एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची कल्पना ते तासन्‌तास करीत आणि त्यात रमून जात. संतांप्रमाणे खडतर जीवन पत्करण्याची कल्पनाही त्यांना तितकीच आवडे. मात्र पहिले स्वप्न ओसरल्यावर मन कोरडे आणि असमाधानी होई, तर दुसरे ओसरल्यावरही समाधान मागे उरे. हा फरक ध्यानी येण्यास बरेच दिवस लागले, पण पुढे त्यांनी निर्णयाची जी पद्धत सांगितली तिचा पाया हाच होता. एखादा विचार मनात असताना किती गोड वाटतो याला ते फारसे महत्त्व देत नाहीत. तो निघून गेल्यावर आपण कोणत्या स्थितीत उरतो, तिथे देवाचे बोलावणे ऐकावे असे ते सांगतात.

1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेत या पद्धतीचे नियम आहेत. त्यांतला एक मला दरवर्षी मुलांना सांगावासा वाटतो: मन खिन्न, अंधारलेले आणि देवापासून दुरावल्यासारखे असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. त्या काळात प्रार्थना वाढवावी, धीर धरावा आणि मन निवळेपर्यंत आधीच्या निश्चयाला चिकटून राहावे. मध्यरात्री मोबाइलवर कोणाच्या तरी मुलाला काय मिळाले ते वाचायचे आणि सकाळी आपला पसंतीक्रम उलटापालटा करायचा, हा प्रकार घरोघरी चालतो. पाचशे वर्षांपूर्वीचा हा नियम नेमका तिथे हात धरतो.

त्याच पुस्तिकेतील दुसरी सूचना मुलांपेक्षा पालकांसाठी आणि आम्हा शिक्षकांसाठी अधिक मोलाची आहे. साधना करवून घेणाऱ्याने साधकाला या बाजूला किंवा त्या बाजूला झुकवू नये, स्वतः तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहावे आणि निर्माणकर्त्याला आपल्या लेकराशी थेट बोलू द्यावे, असे इग्नेशियस सांगतात. एका धर्मगुरूने हे लिहावे याचे मला फार अप्रूप वाटते, कारण धर्माच्या नावाने झुकवण्याचेच काम पुष्कळदा होते. स्वतःची हौस “देवाची इच्छा” म्हणून मुलांच्या गळी उतरवणारे पालक मी आमच्याच समाजात पाहिले आहेत, आणि डोळे मिटून बायबल उघडायचे व जे वचन समोर येईल तेच उत्तर मानायचे, असे करणारी मुलेही पाहिली आहेत. यांतून शांती मिळत नाही. निर्णयाचा भार दुसऱ्यावर टाकला एवढेच होते. खऱ्या साधनेत बुद्धी पूर्ण वापरायची असते. लाभ आणि हानी कागदावर मांडायच्या, त्या तोलायच्या, निर्णय घ्यायचा आणि मग तो निर्णय प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा.

मात्र हे सर्व करण्याआधी एक पायरी आहे आणि ती सर्वांत अवघड आहे. माणूस कशासाठी निर्माण झाला हे आधी ठरवावे, आणि त्या हेतूला जे साहाय्यक असेल तेवढेच धरावे. आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, मान की अपमान, यांतले अमुकच हवे असा हट्ट आधीपासून मनात ठेवू नये, असे ही साधना सुरुवातीलाच बजावते. देवाने मला प्रेमाने घडवले आहे आणि माझी किंमत गुणपत्रिकेवर किंवा पहिल्या पगारावर ठरत नाही, हे मनात खरोखर मुरले, तर 300 पर्यायांतले बरेचसे आपोआप गळून पडतात. उरलेल्यांतला कोणताही मिळाला तरी आयुष्य हातचे जात नाही. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे पाहायला सांगितले ते याच अर्थाने, असे मी समजतो. त्याने कामधाम सोडायला सांगितले नाही. आधी देवाचे राज्य शोधा, बाकीचे त्यामागे येईल, असा क्रम लावून दिला. बेथानी गावी त्याचे आदरातिथ्य करणारी मार्था पाहुणचाराच्या घाईत असताना, तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, पण गरज एकाच गोष्टीची आहे, असे त्याने तिला ममतेने सांगितले, त्यातही हाच क्रम आहे.

त्या मुलीला मी इग्नेशियस यांनी सुचवलेले दोन प्रश्न विचारले. आपण कधीही न पाहिलेली, पण जिचे भले व्हावे असे वाटते अशी एखादी मुलगी याच पेचात असती, तर तिला काय सांगशील? आणि आयुष्याच्या अखेरीस मागे वळून पाहताना कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल? वडिलांना मी तोवर वही मिटायला सांगितली होती आणि त्यांनी ती खरोखर मिटली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एका शाखेचे नाव घेतले, जी वडिलांच्या यादीत बरीच खाली होती, आणि कारणही सांगितले: आजीच्या आजारपणात तिने हॉस्पिटलातली यंत्रे जवळून पाहिली होती आणि ती कशी चालतात हे तिला शिकायचे होते. हा निर्णय बाजाराच्या दृष्टीने सर्वोत्तम आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. तो तिचा होता, आणि तो घेताना तिचा आवाज कापत नव्हता.

श्रद्धा असली की हवे ते मिळते, असे मात्र मी कोणालाही सांगणार नाही. खुद्द इग्नेशियस यांना जेरुसलेममध्ये कायम राहायचे होते. 1523 मध्ये तिथे पोहोचल्यावर फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवले. तेव्हा तिशी ओलांडलेला हा माणूस बार्सिलोनात लहान मुलांसोबत लॅटिन व्याकरणाचे धडे गिरवायला बसला. आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचेही तसेच. जपानमध्ये येशूसंघीयांची अनेक वर्षे सेवा करूनही त्यांना त्या संघात प्रवेश मिळाला नाही. ते व्यापारात शिरले, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले, पुन्हा जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. ज्यांना पहिल्या पसंतीची जागा नाकारली गेली, अशा या दोघांना आम्ही आज वेदीवर मान देतो. प्रवेश हुकला म्हणून घरात बसून राहिलेल्या मुलाला ही हकिकत कोणीतरी सांगायला हवी. बदलता येण्याजोगा एखादा निर्णय नीट विचाराने घेतला असेल, तर तो पुन्हा पुन्हा उकरू नये, त्यातच आपली प्रगती साधावी, असेही इग्नेशियस यांनी लिहून ठेवले आहे. दर फेरीला ‘याहून बरे काही मिळेल का’ म्हणून झुरणाऱ्यांना याहून व्यवहारी सल्ला मला ठाऊक नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. संतांनी वर्णिलेली खिन्नता वेगळी आणि आजार म्हणून येणारे नैराश्य वेगळे. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर प्रार्थना करावीच, पण त्याच दिवशी डॉक्टरही गाठावा. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची 14416 क्रमांकाची दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. डॉक्टरकडे जाणे हा श्रद्धेचा कमकुवतपणा आहे असे कोणी सांगत असेल, तर ते ऐकू नये.

आपल्याला माझी विनंती आहे ती अशी. प्रवेशाच्या पुरवणीत आठवड्यातून एक रकाना निर्णय घेणाऱ्या मनासाठी ठेवावा आणि त्यात विविध धर्मपरंपरांतील जाणत्यांना, तसेच समुपदेशकांना लिहिते करावे. आमच्या धर्मग्रामांना आणि चर्चच्या शाळांनाही मी विनंती करतो, की पसंतीक्रम भरण्याच्या दिवसांत संध्याकाळी एक तास चर्चचे किंवा शाळेचे सभागृह उघडे ठेवावे. तिथे कोणत्याही धर्माच्या मुलाला पालकांशिवाय आणि मोबाइलशिवाय बसता यावे, हवे असल्यास कोणाशी बोलता यावे, नको असल्यास नुसते शांत बसता यावे. धर्मांतराचा विषय तिथे दुरूनही येता कामा नये, आणि हे दारावर लिहून लावण्यास माझी हरकत नाही. वसई परिसरात असा उपक्रम कोणी सुरू करणार असेल, तर सभागृहात खुर्च्या मांडण्यापासूनचे काम करायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, वसई