पट्ट्या टाकायच्या नाहीत

सांगली

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

स्कॅनर आला आणि जुन्या निगेटिव्हची पहिलीच पट्टी निळी-हिरवी उमटली, हे फोनवर कळलं. तू घाईत होतीस, म्हणून नीट लिहूनच पाठवतो. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, ‘स्कॅन झाल्या की पट्ट्या टाकून देऊ ना? उगाच जागा अडवतात.’ त्याचं उत्तर आधी देतो: नाही. का, ते पुढे येईलच.

निळ्या-हिरव्याचं सांगतो. रंगीत निगेटिव्हवर ती जी नारिंगी झाक दिसते ती जुनेपणाची नव्हे, फिल्म कारखान्यातूनच तशी येते. फिल्ममधली रंगद्रव्यं शुद्ध नसतात. किरमिजी द्रव्याने फक्त हिरवा प्रकाश अडवायचा, तर ते थोडा निळाही अडवतं, मोरपिशीचंही तसंच. तो दोष प्रिंटमध्ये उतरू नये म्हणून नारिंगी मास्क फिल्ममध्येच घातलेला असतो. डार्करूममध्ये आम्ही एन्लार्जरला, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राला, फिल्टर लावून त्याचा हिशेब चुकता करायचो. तू बहुधा पट्टी ‘पॉझिटिव्ह’वर ठेवून चित्र नुसतं उलटं केलंस, मग नारिंगीचं निळं होणारच. ‘कलर निगेटिव्ह’ निवड. फिल्मच्या नावांची यादी असेल तर पट्टीच्या कडेला छापलेलं नाव बघून तेच घे.

पट्टीची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजू म्हणजे इमल्शन, चित्र तिच्यावर. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की कडेची अक्षरं सुलट वाचता येतात. होल्डरमध्ये कुठली बाजू वर ठेवायची ते त्याच्या पुस्तिकेत बघ. पट्टी उलटी गेली तरी चित्र येतंच, फक्त डावं-उजवं बदलतं, आणि नुसत्या चेहऱ्यांवरून ते चटकन लक्षात येत नाही. आईचा पदर बघायचा. डाव्या खांद्यावर नसेल तर पट्टी काढून परत लाव.

खोक्यावर ७२०० डीपीआय, म्हणजे इंचाला तेवढे ठिपके, असं छापलंय म्हणून ७२०० वर लावू नकोस. भिंग तेवढं टिपत नाही. फाइल फुगते आणि वेळ जातो. ३६०० पुरे. फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे ३६०० वर साधारण ५१०० बाय ३४०० पिक्सेल, सतरा मेगापिक्सेल झाले. सोळा बिटची टिफ फाइल शंभर एमबीच्या आसपास भरते, छत्तीसच्या रोलला पावणेचार जीबी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला त्यातूनच छोट्या जेपेग काढ.

धुळीसाठी तुझ्या स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची, सोय आहे, ती रंगीत पट्ट्यांना बिनधास्त वापर. रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ आणि ओरखडे त्याला अडवतात; त्यामुळे नेमकी धूळ कुठे आहे ते सॉफ्टवेअरला कळतं. ब्लॅक अँड व्हाइटला मात्र ती सोय बंद ठेव. तिथे चित्र चांदीचं असतं आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. मग यंत्राला आजोबांच्या मिशासुद्धा कचराच वाटतात. त्या पट्ट्यांवरची धूळ आधी रबरी फुग्याने उडव. तोंडाने फुंकू नकोस, थुंकीचे थेंब पडतात. ओलं फडकं तर नकोच.

एका डब्यावर मी लाल पेनने ‘पूर’ लिहिलंय, त्याला सगळ्यात शेवटी हात लाव. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आपल्या फोटोच्या दुकानात शिरलं तेव्हा घरचे अल्बम तिथेच होते. प्रिंटवरचं जिलेटिन फुगून फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना चेहरेच निघून आले. पट्ट्या पोटमाळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. हा एकच डबा खाली राहिला होता. भिजलेली फिल्म गठ्ठ्यातच सुकली की कायमची चिकटते. म्हणून त्या पट्ट्या ओल्याच ठेवल्या, स्वच्छ पाण्यात एकेक सुटी केली, धुतली आणि क्लिपा लावून दोरीवर वाळवली. तरी काहींवर गाळाचे कण राहिलेत. ते खरवडायला जाऊ नकोस, कणाबरोबर इमल्शन येईल.

आता सांग, पट्ट्या टाकून दिल्या असत्या तर तुझं बारसं आज कुठे असतं? ‘फोटो लावलेत की अल्बममध्ये, आता निगेटिव्ह कशाला,’ असं म्हणणारी माणसं काउंटरवर रोज भेटायची.

आणि प्रिंटमध्ये सगळं होतं असंही समजू नकोस. लॅबचं मशीन कडा थोड्या खातंच, आणि साडेतीन बाय पाचच्या जुन्या प्रिंटमध्ये आडव्या फोटोची दोन्ही टोकं आणखी जायची, कारण त्या कागदाचं आणि फ्रेमचं प्रमाण जुळत नाही. बारशाच्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्या आत्याचा अर्धाच चेहरा अल्बममध्ये आला होता; आयुष्यभर त्यावरून तिने मला ऐकवलं. निगेटिव्हवर ती अख्खी आहे, हसतेय. तसंच आईच्या साडीचं. फ्लॅशमुळे प्रिंटमध्ये ती पांढरीफट्ट आली होती. निगेटिव्हवर तो भाग काळाभोर दिसेल, पण त्या काळ्यात बुट्टे आहेत. स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट कमी ठेव, चित्र जरा फिकं वाटलं तरी चालेल. नंतर वाढवता येतं. एकदा उडालेले बुट्टे त्या फाइलमधून परत येत नाहीत.

म्हणून स्कॅनलाही मी प्रिंटच समजतो. आपल्याकडे लॅबने रोल धुताना दिलेल्या सीडी आहेत. तेव्हा वाटलं होतं, झालं, काम संपलं. त्यातले फोटो जेमतेम दीड मेगापिक्सेलचे, आणि तुझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. त्याच रोलच्या पट्ट्या तू आज सतरा मेगापिक्सेलवर काढतेयस.

क्रम माझ्या मते असा: रंगीत आधी, कारण रंगद्रव्यं वर्षागणिक उडत जातात. चांदी दमदार, उटीच्या ‘इंदू’ फिल्मवरचं माझं जुनं काम अजून कडक आहे, ते मागून झालं तरी चालेल. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती पट्टी ताबडतोब वेगळी कर आणि तिचं स्कॅनिंग आधी उरक. तिचा ॲसिटेटचा पाया कुजायला लागलाय आणि ती शेजारच्या पट्ट्यांनाही बिघडवते.

जुन्या क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या मोठ्या चौकोनी निगेटिव्ह, सहा बाय सहा सेंटिमीटरच्या, तुझ्या होल्डरमध्ये बसणार नाहीत. कापून बसवायचा विचारही करू नकोस. त्यांना झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड लागतो, नाहीतर लाइटपॅडवर ठेवून कॅमेऱ्याने मॅक्रो लेन्स लावून टिपता येतात. स्टुडिओतल्या पोर्ट्रेटच्या निगेटिव्हवर गालाशी, डोळ्यांखाली बारीक शिसपेन्सिलीच्या रेघा दिसतील. ते टचिंग आहे, प्रिंटमध्ये चेहरा नितळ दिसावा म्हणून केलेलं, माझ्या हातचं. पुसू नकोस.

आणि ते ब्लॅक अँड व्हाइटला आपोआप रंग भरणारं ॲप आजोबांवर चालवू नकोस. फेटा कुठल्या रंगाचा होता ते त्याला कुणी सांगितलं?

फाइलला नाव देताना रोलचा नंबर आणि कडेला छापलेला फ्रेमचा नंबर घाल, ‘गणपती’, ‘सहल’ असं नको. आपल्याकडे गणपती दरवर्षी येतो. माणसं ओळखू आली नाहीत तर फोटो मला पाठव, मी नावं लिहून कळवतो. पट्ट्यांसाठी पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागव, पीव्हीसीची नकोत, उन्हाळ्यात चिकटतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरेल.

दादा येत्या शनिवारी तिकडे येतोय, त्याच्याबरोबर रंगीत पट्ट्यांचे डबे देतो. ते संपले की पुढचे. हार्ड डिस्क दोन घे आणि एक त्याच्याकडे राहू दे. पाकिटं मागवशील तेव्हा चौकोनी निगेटिव्हची वेगळी मागव, त्यांची मापं मी दादाजवळ लिहून देतो.

तुझे
बाबा