बाबांचा एक्स-रे आणि बाबूची नळी

ती. आई-बाबांना सा. न.

आई, बाबांच्या एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘कोलॅप्स’, म्हणजे फुफ्फुस मिटलंय, असं वाचून तुला मावशीच्या बाबूच्या छातीत घातलेली नळी आठवली आणि तू फोनवर रडलीस. तेव्हापासून माझाही जीव थाऱ्यावर नाही, म्हणून सगळं नीट लिहिते. बाबांचं दुखणं निराळं आहे.

बाबूला न्यूमोथोरॅक्स झाला होता. उंच, शिडशिडीत, तरुण, त्यात सिगारेट; अशा मुलांच्या फुफ्फुसावरचा बारीकसा फोड कधी अचानक फुटतो. मग हवा फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये शिरते आणि फुफ्फुस आक्रसतं. हवा थोडी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. जास्त असेल, धाप लागत असेल, तर सुईने किंवा नळीने काढतात. तारकर्लीचं स्कूबाचं काम त्याला सोडायला लावलं तेही त्यामुळेच. पाण्याखाली हे पुन्हा झालं, तर वर येताना कोंडलेली हवा फुगत जाते आणि जिवावर बेततं.

बाबांना आहे अ‍ॅटेलेक्टॅसिस. पोटावरच्या हर्नियासाठी पूर्ण भूल दिली, नंतर टाके दुखतात म्हणून ते वरवर श्वास घेत पडून राहिले. तळाच्या वायुकोशांत हवा पोचेना, कफ साठला, तेवढा भाग मिटला. पोटाच्या ऑपरेशननंतर हे पुष्कळांना होतं. तो उघडतो खोल श्वासाने.

म्हणून आई, मायेने का होईना, त्यांना ‘पडून राहा’ म्हणू नकोस. बाबा, दुखण्याची गोळी वेळेवर घ्या, सोसत बसू नका. दुखलं की श्वास आखडतो. श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकू नका, हवा सावकाश आत ओढा, जागेपणी दर तासाला दहा वेळा. खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरा, पण कफ काढाच. खळ्यात फेऱ्या मारा, पाऊस असेल तर पडवीत.

ताप चढला, कफ हिरवट झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत एका बाजूला अचानक कळ, जोराची धाप, ओठ निळसर, असं काही झालं तर माझ्या फोनची वाट न बघता 108 ला फोन करा.

पुढचा एक्स-रे चुकवू नका. भाग उघडला नसेल, तर श्वासनळीत कफाची गुठळी किंवा आणखी काही अडकलंय का ते डॉक्टरांना बघावं लागेल. जुनी फिल्म जपून ठेवा, नवीच्या शेजारी धरायला लागेल. मी रविवारी तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरते, सोमवारी आपण तिघं मिळून जाऊ.

तुमची,
ताई