उताराचे आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘ते असू दे, चेनला तेल घातलंस का?’ असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

सायकलवरून आल्प्सचे घाट करून परत आल्यापासून भेटेल तो मला चढांबद्दल विचारतो. किती उंच, किती तास, मध्येच उतरून ढकलत न्यावी लागली का? उताराबद्दल कोणी विचारत नाही. उतार म्हणजे फुकटची मजा, असाच सगळ्यांचा समज. निघण्यापूर्वी माझाही तोच होता. चढ मी माझ्या पायांनी चढले, त्याचं श्रेय तुम्हाला द्यायची माझी तयारी नाही. पण आज दोन्ही मनगटं आणि सगळे दात शाबूत आहेत, ते तुमच्यामुळे.

खरं तर चढाचंही थोडं श्रेय द्यायलाच हवं. माझ्या मागच्या चाकाची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, ११ ते २८ दातांची होती आणि मला तिचा अभिमान होता. तुम्ही सायकल उलटी करून दात मोजलेत आणि म्हणालात, “पहिल्या घाटाला जमेल. चौथ्या दिवशी, पॅनिअरच्या पिशव्या लादलेल्या असताना गुडघे काय म्हणतील ते त्यांना विचार.” मग मागे ३४ दातांची चकती आली, तिच्यासाठी चेन सरकवणारा लांब डिरेलर आला. पुढे ३४, मागे ३४. पेडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. किआवेन्ना गावाहून मालोयाचा घाट चढताना ते पटलं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर, घाटमाथा १८१५ वर, आणि मध्ये ३२ किलोमीटर. शेवटच्या वळणांवर मी त्या मोठ्या चकतीवर मुंगीसारखी चालले होते, पण चालले होते.

मालोयाला वर पोचल्यावर पलीकडे उतारच नाही, हे तुम्ही मुद्दाम सांगितलं नव्हतंत ना? घाट संपतो आणि समोर सरळ तळं. सिल्सचं तळं, मग सिल्व्हाप्लानाचं, दोन्ही १८०० मीटरच्या आसपास, आणि त्यांच्या काठाने सपाट रस्ता. इतर प्रत्येक दिवशी ‘पहाटे निघ’ म्हणणारे तुम्ही, त्या दिवशी मात्र ‘माथ्यावर जेव, दुपारी निघ’ म्हणालात. कारण दुपारी कळलं. एरवी डोंगरात दिवसा वारा दरीतून वर चढतो, पण इथे तो मालोयाच्या माथ्यावरून खाली एंगाडिनच्या दरीत उतरतो, तळ्यांवरून सरळ सेंट मॉरिट्झच्या दिशेने. त्याच वाऱ्यासाठी तिथे शिडाच्या फळ्या घेऊन माणसं येतात. मी पेडल जेमतेम फिरवत होते आणि कोणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलत होतं. ती दुपार मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही, तुम्हालाही नाही. तुम्ही म्हणता, तळ्यांचे फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. खरं आहे, पण तरी एकदा बघा.

आता आल्बुलाच्या घाटाची गोष्ट. त्या रात्री फोनवर मी तुम्हाला निम्मीच सांगितली होती.

माथा २३१२ मीटर, आणि तिथून तिएफनकास्टेलपर्यंत साधारण साडेचौदाशे मीटरची उतरण. प्रेडा ते बर्ग्युनच्या टप्प्यात रेल्वेही रस्त्याशेजारीच वळसे घेत, बोगद्यांत गोल फिरत उतरते. ती जागतिक वारशाच्या यादीत आहे, लोक दूरदूरहून ती बघायला येतात. मी ती पाहिलीच नाही. मी फक्त पुढच्या चाकाच्या पुढचा दोन मीटर डांबर पाहत होते. दोन्ही ब्रेक दाबून धरलेले, पहिल्या वळणापासून शेवटच्यापर्यंत, क्षणभरही न सोडता. बोटं बधिर झाली. मग वास आला, जळक्या तव्यासारखा. मग ब्रेक ओरडू लागले, आणि उजवा लीव्हर हँडलला टेकेपर्यंत आत जाऊ लागला. कशीबशी थांबले, कठड्याला टेकून बसले. ब्रेकच्या डिस्कवर निळसर झाक आली होती. खरी गोष्ट ही की मी तिथे अर्धा तास रडत होते. तुम्हाला सांगितलं ते ‘ब्रेक जरा तापले’ एवढंच.

तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही हिशोब मांडलात. तू, सायकल, सामान मिळून १०० किलो धर. हजार मीटर खाली आलीस की जवळपास हजार किलोज्यूल उष्णता कुठेतरी गेली पाहिजे. तेवढ्यात तीन लिटर थंड पाण्याला उकळी फुटते. “अगं, तीन लिटर पाणी तू त्या दोन पातळ चकत्यांवर उकळवते आहेस! थोडी उष्णता वाऱ्याला दे की.”

आयुष्यभर मला वाटत होतं की हळू म्हणजे सुरक्षित. हळू, सतत दाबून उतरलं की वाऱ्याचा अडसर नगण्य असतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो, हे मला चाळिशी ओलांडल्यावर, परक्या देशातल्या खोलीत, ओले मोजे हीटरवर टाकताना कळलं. सरळ पट्ट्यावर सोडून दे. ताठ बस, छाती वाऱ्याला दे, तोच तुझा तिसरा ब्रेक. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ, आणि वळणात शिरताना सोडून दे. बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन. डोळे चाकाकडे नाहीत, वळण जिथे संपतं तिथे. डोकं वळेल तिकडे सायकल वळते. तुम्ही हे अर्धा तास सांगत होतात आणि मध्ये दोनदा विचारलंत, ‘जेवलीस का?’

ब्रेकचे पॅड बदलले. दोन दिवसांनी ओबरआल्पचा घाट. २०४४ मीटरवर, डोंगराच्या माथ्यावर, एक लाल दीपस्तंभ उभा आहे. ऱ्हाईन जिथे समुद्राला मिळते तिथल्या दीपस्तंभाची ती लहान प्रतिकृती, कारण ऱ्हाईनचा उगम इथून जवळ मानतात. मी त्याच्याखाली उभी राहून तुमचे धडे मोठ्याने म्हटले. एका मोटरसायकलवाल्याने चमकून पाहिलं. आंडरमाटपर्यंतचे ते ६०० मीटर मी दाब-सोड, दाब-सोड करत उतरले. सफाईदार नव्हतं, पण वास आला नाही.

आणि मग फुर्काचा घाट. काका, त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता.

रेआल्पपासून १२ किलोमीटर, जवळजवळ ९०० मीटर चढ, सगळा माझा. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये आधी पाऊस, मग गारा मिसळलेला पाऊस. २४२९ मीटरच्या पाटीजवळ पोचले तेव्हा घामाने आतून आणि पावसाने बाहेरून भिजलेली. फोटो काढून तुम्हाला पाठवला. समोर ग्लेचपर्यंत ६७० मीटरची उतरण, आणि ती मला हवी होती. आता येत होतं ना मला! तुमचं उत्तर आलं: ‘दात वाजतायत का?’ वाजत होते. ‘मग सायकलवर बसायचं नाही. पिवळी बस बघ.’

शंभर मीटर वर गेलं की तापमान साधारण अर्ध्या-पाऊण अंशाने उतरतं, हे पाठ होतं. ओल्या कपड्यांत ताशी ४० च्या वाऱ्यात काय होतं, हे पाठ नव्हतं. चढताना अंग भट्टी असतं, उतरताना पाय रिकामे आणि भट्टी बंद. बोटं लीव्हर ओळखत नाहीत, आणि अंगाची थरथर हँडलमध्ये उतरून सायकलच लटपटू लागते. हे सगळं तुम्ही नंतर सांगितलंत. तेव्हा फक्त चार शब्द पाठवलेत: ‘घाट पळून जात नाही.’ मी फोनला शिव्या दिल्या. मग बस आली, डोंगरी वळणांवर वाजवतात तो तिचा तीन सुरांचा भोंगा, रोसिनीच्या विल्यम टेलमधला, धुक्यातून आधी ऐकू आला. ड्रायव्हरने माझे हात बघितले आणि काही न विचारता सायकल स्वतः रॅकवर चढवली. त्यांचेही आभार याच पत्रात, त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत तरी.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. ओबरवाल्डहून ग्लेच, तिथून ग्रिमझेलचा घाट. त्या वळणांवरून समोरच्या डोंगरावर फुर्काचा रस्ता अख्खा दिसतो, मी न उतरलेला, आणि त्यावर बंद पडलेलं जुनं बेल्वेदेर हॉटेल. त्याच्या मागे ऱ्होनची हिमनदी. दीडशे वर्षांपूर्वी ती खाली ग्लेचच्या दरीपर्यंत येत होती, आता तिच्या बर्फावर उन्हाळ्यात पांढरी पांघरुणं घालतात. मी त्या रस्त्याकडे बघत खूप वेळ उभी होते. राग गेला होता असं नाही, पण बोटं हलत होती.

ग्रिमझेलचा माथा २१६४ मीटर, तिथे टोटनझे, म्हणजे मृतांचं तळं. १७९९ मध्ये इथे फ्रेंच आणि ऑस्ट्रियन सैन्यांची लढाई झाली होती. तिथे मी कोरडा बनियन घातला, वर विंडचीटर, आणि तुम्ही ऐन उन्हाळ्यात जबरदस्तीने बॅगेत कोंबलेले ते जाड हातमोजे. मग इनर्टकिर्शनपर्यंत २६ किलोमीटर, पंधराशे मीटरहून जास्त. धरणांच्या तळ्यांचं पाणी दुधात हिरवा रंग कालवल्यासारखं, कारण हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ त्यात तरंगत असतं. हे पाणी मी पाहिलं, काका. उतरता उतरता, मान वर करून पाहिलं. मोठ्या बोगद्यांपाशी सायकलींसाठी राखलेला जुना रस्ता कड्याला बिलगून जातो, तिथे थांबून डिस्कजवळ हात नेला. कोमट होती.

तुमचे हातमोजे धुऊन वाळवले आहेत. डाव्या अंगठ्याजवळची शिवण उसवली होती, ती दुहेरी दोऱ्याने शिवली. टाके जरा वाकडे आलेत. रविवारी सकाळी आणून देते. हो, चेनला तेल घातलं आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
तीन लिटर पाणीवाली