रोज सकाळी तोच व्हर्च्युअल मेमरीचा मेसेज : पाचवी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कॉम्प्युटर चालू केल्यावर येणारा पेजिंग फाइलचा एरर, तुमच्याच सर्व्हिसिंगनंतर सुरू झालेला, आणि विनाकारण विकलेली रॅम परत घेण्याबाबत

नमस्कार साहेब/मॅडम,

माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ लूम आहेत, आणि ऑफिसात एकच कॉम्प्युटर आहे तो तुमच्या कंपनीचा. टॅलीपासून ई-वे बिलापर्यंत सगळं त्याच्यावरच, म्हणून तो बिघडला की नुसतं टेबलावरचं काम अडत नाही, गाडी गेटवर उभी राहते. ही माझी पाचवी तक्रार. आधीच्या चार तुमच्याकडून "रिझॉल्व्ड" म्हणून बंद झाल्यात, त्यातली एकही सुटलेली नाही.

काय होतंय ते परत सांगतो, कारण फोनवर एकानेही पूर्ण ऐकून घेतलं नाही. कॉम्प्युटर चालू केला, पासवर्ड टाकला की मेसेज येतो, त्याचा अर्थ असा की पेजिंग फाइलच्या (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा मेमरीसारखी वापरतं, म्हणजे व्हर्च्युअल मेमरी, तिची फाइल) सेटिंगमध्ये काहीतरी गडबड आहे म्हणून विंडोजने तात्पुरती पेजिंग फाइल बनवलीय. ओके दाबलं की लगेच सिस्टीम प्रॉपर्टीजची खिडकी उघडते. ती बंद केली की काम सुरू होतं, पण दुपारपर्यंत टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एकदम उघडे असले की मेमरी कमी पडतेय असं येतं आणि एक्सेल बंद. हे रोज, रविवार सोडून.

सुरुवात जानेवारीत झाली, गड्डा यात्रेच्या आठवड्यात. त्याआधी डी ड्राइव्हची एक टीबीची हार्डडिस्क खडखड करत होती, वॉरंटीत होती, तुमचा इंजिनियर आला आणि बदलून गेला, वागायला चांगला मुलगा, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नवीन डिस्क लावल्यावर तिला ई अक्षर मिळालं आणि डी अक्षर गेलं डीव्हीडी ड्राइव्हला. दुसऱ्या दिवसापासून मेसेज चालू.

मी पहिल्याच फोनवर हे सांगितलं होतं, की डिस्क बदलली आणि दुसऱ्या दिवशी एरर आला. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, व्हर्च्युअल मेमरी लो म्हणजे रॅम कमी आहे." मी म्हटलं, अहो आठ जीबी आहे, दोन वर्षं याच आठ जीबीवर हेच सगळं चालत होतं की ओ. तर म्हणाल्या अपग्रेड करा. केलं, तुमच्याच सर्व्हिस सेंटरमधून आणखी आठ जीबी घेतली, बिल सोबत जोडलंय. सोळा जीबी झाल्यावर एक्सेल बंद पडणं कमी झालं हे मी प्रामाणिकपणे सांगतो, पण सकाळचा मेसेज जसाच्या तसा. दुसऱ्या तक्रारीला उत्तर आलं फॉर्मॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. तिसऱ्याला पण फॉर्मॅट. दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 भरायचा असतो, 20 तारखेला 3बी, ही दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं, सगळा डेटा त्या मशिनवर, आणि तुम्ही एका ओळीत फॉर्मॅट सांगून फोन ठेवता.

शेवटी खरं कारण शोधलं माझ्या पुतणीने, ती इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने आधी मेसेज नीट वाचला. मग मला समजावलं की रॅम म्हणजे लूमशेजारी ठेवलेलं सूत आणि पेजिंग फाइल म्हणजे मागचं गोडाऊन, शेजारी जागा संपली की विंडोज कमी लागणारा माल गोडाऊनला नेऊन ठेवतं, आणि एकूण किती माल मावेल ते दोन्ही मिळून ठरतं. आमचं गोडाऊनच सापडत नव्हतं. सिस्टीम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सचं सेटिंग्ज, परत अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे व्हर्च्युअल मेमरीचं चेंज. बघतो तर ऑटोमॅटिकची टिक, म्हणजे पेजिंग फाइल विंडोजनेच सांभाळायची ती, काढलेली, सी ड्राइव्हपुढे पेजिंग फाइल नाही, ई पुढे नाही, आणि डी तर यादीतच नाही. मग तिने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सगळी सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं तिथे, बघितलं, तिथे स्वच्छ लिहिलेलं, पेजफाईल डॉट सिस ही डी ड्राइव्हवर, 4096 एमबी. म्हणजे विंडोज रोज सकाळी डी वर पेजिंग फाइल बनवायला जातं, डी म्हणजे आता डीव्हीडी ड्राइव्ह, तिथे ती बनूच शकत नाही, म्हणून तात्पुरती बनवतं आणि मला कळवतं. बिचारं खरंच सांगत होतं, ऐकणारं कोणी नव्हतं.

ऑटोमॅटिकची टिक लावली, रीस्टार्ट केला, मेसेज गेला. पाच मिनिटांचं काम. मला त्या दिवशी आनंद कमी आणि संताप जास्त झाला, कारण त्या पाच मिनिटांसाठी मी तीन महिने फोनवर वाट बघत बसलोय, वर रॅमचे पैसे मोजलेत.

पण इथेच संपलं नाही, म्हणून हे पत्र. पुढच्या सोमवारी मेसेज परत हजर. टिक परत काढलेली, रजिस्ट्रीत परत डी. आम्ही परत लावली, त्याच्या पुढच्या सोमवारी परत तेच. पुतणीने टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, उघडून बघितलं तर तुमच्या कंपनीचं जे देखभालीचं सॉफ्टवेअर मशिनसोबत येतं त्याचा ट्यून-अप दर सोमवारी सकाळी चालतो. तो टास्क बंद करून ठेवला, दोन सोमवार मेसेज आला नाही. मुद्दाम परत चालू केला, त्या सोमवारी आला. यापेक्षा वेगळा पुरावा अजून काय द्यायचा? जुनं सेटिंग त्या सॉफ्टवेअरने कुठेतरी धरून ठेवलंय, आणि डिस्कचं अक्षर बदललंय हे न बघता ते दर आठवड्याला तेच लिहून टाकतंय. हे मी चौथ्या तक्रारीत स्क्रीनशॉटसकट लिहिलं होतं, उत्तर आलं फॉर्मॅट करून बघा. फॉर्मॅट केल्यावर तुमचं सॉफ्टवेअर परत टाकणार तुम्हीच ना?

माझं म्हणणं साधं आहे. रॅमचे पैसे परत द्या, कारण ज्या दुखण्यासाठी ती विकली त्याच्याशी तिचा संबंध नव्हता, रॅम मी काढून द्यायला तयार आहे. ते ट्यून-अप दुरुस्त करा, किंवा ते कायमचं काढलं तरी वॉरंटीला धक्का लागणार नाही असं लेखी द्या, तोंडी नको. आणि फोनवर बसणाऱ्या मुलामुलींना एवढं तरी शिकवा की ग्राहकाला आधी मेसेज पूर्ण वाचून दाखवायला सांगायचं, आणि हल्ली मशिनमध्ये काय बदललं ते विचारायचं. माझ्यासारखे किती जण घाबरून फॉर्मॅट मारून डेटा घालवत असतील, हे आठवलं की वाईट वाटतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणार आणि मग सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. धंद्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं आधीच सांगू नका, स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, ते मी विचारून घेतलंय.

सोबत रॅमचं बिल, डिस्क बदलल्याची सर्व्हिस स्लिप, चारही तक्रारींचे नंबर, आणि टास्क चालू असतानाचे आणि बंद असतानाचे सोमवारचे फोटो जोडलेत. इंजिनियर पाठवणार असाल तर दुपारी तीननंतर पाठवा, सकाळी हैदराबादच्या मालाची बिलं निघत असतात, तेव्हा मशिन मोकळं करून देता येणार नाही.

आपला,
एक टॉवेल कारखानदार
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर