तिसऱ्या नंबरचं गणित

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत लेख होता की फुटबॉलच्या युरोमध्ये (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आणि फुटबॉलच्याच आशिया कपमध्ये टीम वाढवून २४ केल्या त्याने लहान देशांचं भलं झालं. अर्धं पटलं. आइसलँड, अल्बेनिया, जॉर्जिया असे देश आपल्याला एरवी कुठे दिसणार होते, त्याबद्दल वाद नाही. पण ६ गट केले की पहिले दोन मिळून १२ च होतात, आणि बाद फेरीला हवेत १६, म्हणून तिसऱ्या नंबरवाल्या ६ टीममधून ४ उचलायच्या, या जुगाडाबद्दल लेखात एक ओळसुद्धा नाही, आणि माझं सगळं भांडण तिथेच आहे.

२०२४ च्या युरोतली हंगेरी घ्या. २३ जूनला स्कॉटलंडशी मॅच, शून्य-शून्य चालू, बदली म्हणून आलेल्या चोबोथने थेट १००व्या मिनिटाला गोल मारला, मैदानात नुसता धिंगाणा. ३ पॉइंट झाले, गटात तिसरे. आणि मग? मग तीन दिवस दुसऱ्यांच्या मॅच बघत बसायचं. २६ तारखेला शेवटच्या रात्री जॉर्जियाने पोर्तुगालला २-० हरवलं, तिसऱ्या नंबरवरच पण ४ पॉइंटने पुढे गेले, आणि हंगेरी बाहेर. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, मी कागद-पेन्सिल घेऊन गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले गोल) मांडत बसलेलो, आणि जॉर्जियाच्या क्वारात्सखेलियाने दुसऱ्याच मिनिटाला गोल टाकल्यावर पेन्सिल ठेवून दिली. २०१६ ला अल्बेनियाचंही हेच, रोमेनियाला हरवलं, पहिलीच युरो, तीन दिवस वाट बघितली आणि घरी.

कोणी म्हणेल नशीब. नशीब नाही हो, वेळापत्रक आहे. १९८२ च्या वर्ल्डकपमध्ये स्पेनमधल्या खिखोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने १-० वर टाइमपास केला, कारण त्यांच्याच गटातल्या अल्जेरियाची मॅच आदल्या दिवशीच संपलेली, दोघांनाही कोणता स्कोअर पुरतो ते माहीत. त्यानंतर गटातल्या शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी खेळवायचं ठरलं. चांगला नियम. पण तिसऱ्या नंबरची तुलना गटागटांत होते, आणि गट संपतात वेगवेगळ्या दिवशी! म्हणजे ए गटवाल्याने आंधळेपणाने खेळायचं आणि ई-एफ गटवाल्याला किती पॉइंट पुरतात ते आधीच ठाऊक. दार बंद केलं पण खिडकी सताड उघडी.

२०२४ च्याच युरोत ई गटात चारही टीम ४-४ पॉइंटवर, युक्रेन गोलफरकात शेवटचं, बाहेर. आणि स्लोव्हेनिया तीनही मॅच बरोबरीत सोडवून ३ पॉइंटवर आत. पोर्तुगालने तर २०१६ ला साखळीत एकही मॅच न जिंकता तिसरा नंबर काढला आणि पुढे कपच नेला, ९० मिनिटांत जिंकलेली मॅच पूर्ण स्पर्धेत एकच, वेल्सची. (मी रोनाल्डोवाला आहे, तरी सांगतोय.)

आता आपलं दुखणं. २०१९ चा आशिया कप, तिथेही २४ टीम. आपण थायलंडला ४-१ ने धुतलं, छेत्रीचे दोन गोल, मग यूएईकडून ०-२, आणि शारजाला बहरीनशी नुसती बरोबरी पुरत होती. ९० मिनिटं निघाली, आणि इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी. ०-१. बरोबरी झाली असती तर आपण दुसरे असतो, कारण थायलंडला हरवलेलं होतं. पेनल्टी पडली तर डायरेक्ट चौथे! चारातल्या तिघांना पुढे जायला मिळालं, ज्यांना आपण चार गोल मारले तेही गेले, राहिलो फक्त आपण. यात नियमाची चूक नाही हे मला कळतं, पेनल्टी आपणच दिली. पण त्या रात्रीपासून हे तिसऱ्या नंबरचं कोष्टक डोक्यात बसलंय ते बसलंच.

माझं मत विचाराल तर युरो १६ टीमचीच बरी होती. तेव्हा २४ साखळी सामने खेळून ८ टीम घरी जायच्या, आता ३६ सामने खेळून परत ८ च जातात. अर्थात दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या कोपा अमेरिकासमोर हे काहीच नाही म्हणा, २०२१ ला तिथे ५-५ चे दोन गट आणि प्रत्येकातून ४ पुढे, म्हणजे २० सामने कशासाठी तर बोलिव्हिया आणि व्हेनेझुएलाला बाहेर काढण्यासाठी.

नियम तुमच्या हातात नाहीत, पण पान आहे. तुम्ही सहा गटांचे सहा टेबल छापता, तिसऱ्या नंबरवाल्यांचं सातवं टेबल कधीच छापत नाही, त्यामुळे कोण आत कोण बाहेर हे सकाळी पेपर वाचून कळत नाही. पॉइंट, गोलफरक, केलेले गोल, एवढ्या तीन रकान्यांत काम होतं. जागा नसेल तर तो अर्ध्या पानाचा रोनाल्डोचा फोटो थोडा लहान करा.

आपला,
एक जुना वाचक