वाळूच्या पोटातल्या रेघा

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

‘रडार विमानतळावर असतं, ही पोर ते वाळूत घेऊन काय करते?’ हा तुमचा प्रश्न आईने पोचवला. फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

सध्या मुक्काम डेन्मार्कच्या उत्तर टोकाला, स्कागेनच्या अलीकडे. इथे रॉब्येर मीले नावाची वाळूची टेकडी आहे. उंची सुमारे ४० मीटर, पसारा एक चौरस किलोमीटर, आणि ती चालते! पश्चिमेचा वारा तिला वर्षाला साधारण १८ मीटर पुढे ढकलतो.

आमचं रडार म्हणजे घसरगाडीवर बांधलेली पेटी. एकाने ती ओढायची, दुसऱ्याने जीपीएस घेऊन मागून चालायचं. दिवसभर दाताखाली वाळू करकरते, त्याला इलाज नाही. पेटीतून रेडिओलहरी खाली जातात, थर बदलला की थोड्या परत फिरतात, आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून खोली काढायची. कोरड्या वाळूत त्या एका नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंटिमीटर जातात, पाण्याने भरलेल्या वाळूत जेमतेम ६. त्यामुळे भूजलाची पातळी पडद्यावर ठळक रेघ होऊन उमटते. तुम्ही लगेच म्हणाल, पाणाड्याच्या नारळापेक्षा हेच आणायचं होतं. पण चिकणमातीत या लहरी फार खोल जात नाहीत, खाऱ्या पाण्यात तर लगेच विरतात.

टेकडीच्या पोटात तिरक्या रेघांमागे तिरक्या रेघा दिसतात. वाळू वाऱ्याच्या बाजूने वर चढते, माथ्यावरून पलीकडे घसरते आणि ३३ अंशांच्या आसपास थांबते. म्हणजे प्रत्येक रेघ हा टेकडीचा कधीकाळचा पुढचा उतार. मधेच एखादी रेघ बाकीच्यांना कापत जाते. तिथे वाऱ्याने आधीचा उतार खरवडून काढलेला असतो.

मला मात्र आजूबाजूच्या गवताळ, थांबलेल्या टेकड्याच जास्त आवडतात. एकीच्या आत जाड, जवळजवळ आडवी रेघ दिसली. तिथे हाताने बोअर घेतला, तर पांढऱ्या वाळूखालून मुळांचे धागे असलेली काळपट माती वर आली. याचा अर्थ वाळू एकदा थांबली होती, वर हिरवळ आली होती, आणि मग ती पुन्हा सुटली. कधी, ते प्रयोगशाळेत कळेल. वाळूच्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं हे तिथे मोजता येतं. म्हणून नमुना उजेड न लागू देता न्यायचा.

इथल्या लोकांनी हे भोगलंय. गुरं चारली, गवत-झुडपं तोडली, वाळू मोकळी झाली. स्कागेनचं जुनं चर्च वाळूत इतकं बुडालं की १७९५ मध्ये ते बंद करावं लागलं. आता फक्त मनोरा उभा आहे. पुढे सरकारने गवत आणि झाडं लावून बाकीची वाळू बांधली. ही एक टेकडी मुद्दाम मोकळी ठेवली, पुढच्यांना वाळू कशी धावते ते दिसावं म्हणून.

हे सगळं तुम्हाला लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. पर्यटकांसाठी आपल्या गावची पुळण साफ करायची म्हणून मर्यादवेल उपटणार आहेत, असं आई म्हणाली. ग्रामसभेत तुम्ही बोला. प्लास्टिक उचला, बाटल्या उचला, पण वेलीला हात लावू नका म्हणावं. इथलं गवत जे काम करतं, तेच आपल्याकडे ती करते. फोटो लागले तर व्हॉट्सॲपवर पाठवते, प्रिंट काढून सरपंचांना दाखवा.

आजीला नमस्कार. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमची,
मनू