यादीतले एक नाव

ठाणे,
12 जानेवारी 2025

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या पंचाहत्तरीच्या निमंत्रितांची यादी धाकट्याने काल मला व्हॉट्सॲपवर पाठवली. मी सुचवलेल्या नावांपैकी एकाच नावावर आईने निळ्या पेनाने आडवी रेघ ओढलेली आहे. फोनवर कारण विचारले, तेव्हा ‘तुला माहीत आहे’ एवढेच आई म्हणाली. मला माहीत आहे, आणि तुम्हाला मात्र ते गेली वीस वर्षे चुकीचे माहीत आहे. हे फोनवर बोलायला घेतले तर मी अर्ध्यावर थांबेन आणि आई गुडघेदुखीवर विषय नेईल, म्हणून लिहीत आहे.

2004 च्या गणपतीत ती माझी मैत्रीण माझ्याबरोबर आपल्या घरी आली होती. धुण्याचे कपडे काढताना आईला माझ्या पिशवीत रक्तवाढीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि 1971 च्या गर्भपाताच्या कायद्याची झेरॉक्स सापडली. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि झेरॉक्सवर तिचेच नाव व हजेरी क्रमांक होता. आईने तिला स्वयंपाकघरात बोलावून विचारले, ‘हे तुझे का?’ ती म्हणाली, ‘हो काकू, माझे आहे.’ झेरॉक्स खरोखरच तिची होती. गोळ्या माझ्या होत्या. मी तिथेच खाली बसून मोदकांसाठी नारळ खवत होते आणि खवत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने ती पुण्याला परत गेली, आणि त्यानंतर आपल्या घरी तिचे नाव निघाले ते केवळ ‘तसली मुलगी’ म्हणून.

दिवस मला राहिले होते, आई. मी एकवीस वर्षांची होते. तो मुलगा वाईट नव्हता, पण घाबरला आणि फोन घेईनासा झाला; त्याच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पाळी चुकल्याचे मी मनाशी कबूल करेपर्यंत नववा आठवडा लागला होता. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुभा तेव्हा सात आठवड्यांपर्यंतच होती, त्यामुळे क्युरेटिन करावे लागणार होते. मी हे सगळ्यात आधी तिला सांगितले, वसतिगृहाच्या गच्चीवर. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की तिच्यावर ही वेळ आली असती तर तिने बहुधा असे केले नसते, तिच्या मनाला ते पटत नाही. मला त्या क्षणी तिचा राग आला होता. पण हे तिने एकदाच सांगितले, पुन्हा कधीही नाही, आणि सकाळी ग्रंथालय उघडताच जाऊन कायद्याचे कलम तीन झेरॉक्स करून आणले. आपल्याला पटत नसलेल्या गोष्टीसाठी माझ्याबरोबर रांगेत उभी राहणारी दुसरी व्यक्ती मला त्यानंतर भेटलेली नाही, नात्यातसुद्धा नाही.

दवाखान्यातल्या खिडकीवरच्या बाईंनी ‘मिस्टरांची सही’ मागितली, आणि मिस्टर नाहीत म्हटल्यावर आईवडिलांची. तेव्हा तिने ती झेरॉक्स पुढे सरकवली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरे आहे, दुसऱ्या कोणाचीही लागत नाही, असे त्यात लिहिले होते. त्या ओळीखाली तिने पेन्सिलने रेघ ओढली होती. बाईंनी ते वाचले, आम्हा दोघींकडे पाहिले आणि अर्ज दिला. संध्याकाळी रिक्षातून परतताना माझे डोके तिच्या मांडीवर होते. पुढचे चार दिवस मेसचा डबा तिने खोलीवर आणला.

आई, असा डबा मी त्याआधी एकदा पाहिला होता. मी सात वर्षांची असताना शेजारच्या काकूंना तू ‘पिशवी साफ करायला’ तालुक्याला घेऊन गेली होतीस. त्यांचा धाकटा तेव्हा नुकता चालायला लागला होता. परतल्यावर दोन दिवस त्यांच्या घरी आपल्याकडून भाकरी आणि मुगाची आमटी गेली, आणि ती नेऊन देणारी मीच होते. तुम्हा दोघींना कोणीही काही विचारले नाही. कायद्यानेही विचारले नसते, कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांचे साधन फसले तर तिच्या मनाला गंभीर इजा झाली असे धरून चालता येईल, अशी त्यात सोयच होती. माझ्या गळ्यात मंगळसूत्र नसल्यामुळे माझ्या मनाची इजा डॉक्टरांना वेगळी लिहावी लागली. काकूंबरोबर जाणारी तू आणि माझ्याबरोबर येणारी ती यांत मला आजही फरक दिसत नाही.

बाबा, तुम्ही आम्हाला शाळेत महर्षी कर्व्यांचा धडा किती रंगवून शिकवत होतात! त्यांच्या थोरल्या मुलाने, रघुनाथरावांनी, 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी प्राध्यापकी गमावली आणि तरीही शेवटपर्यंत मासिक चालवले, हे मात्र मला पुण्यात, वडिलांचे नाव दिलेल्या त्या रस्त्यालगत राहत असताना तिच्याकडून कळले. हा टोमणा नाही. धड्यात ते नव्हते, हे मला ठाऊक आहे.

2021 मध्ये त्या कायद्यातले ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. पुढे 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतूनही अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निकाल दिला. ती आता वकिली करते. त्या संध्याकाळी तिने मला निकालाची बातमी पाठवली आणि खाली लिहिले, ‘झेरॉक्स जुनी झाली.’ मी तिला उत्तर देऊ शकले नाही, कारण ती झेरॉक्स वीस वर्षे तिलाच महागात पडत आली आहे.

मी केले त्याचा मला पश्चात्ताप नाही. पुढे माझ्या पोटी आलेल्या नातवाला तुम्ही अंगाखांद्यावर खेळवले आहे. मला लाज वाटते ती त्या नारळ खवण्याची. तुम्ही माझ्यावर रागावा, महिनाभर बोलू नका, पण रागावायचे असेल तर माझ्यावर रागावा.

हे पत्र मी लिहीत आहे, हे तिला सांगितलेले नाही, कारण तिने लिहू दिले नसते. निमंत्रण गेले तरी ती येईल की नाही, हेही मला सांगता येणार नाही. यादी गुरुवारी छापखान्यात जाणार आहे, असे धाकटा म्हणाला. त्याआधी आईने तिच्या हाताने ते नाव पुन्हा लिहावे.

तुमची,
थोरली